अबार्थ पुंटो शोधतोय: घाई नाही, पण गाडी जपलेली हवी

नगररोडकर, 9 जून 2024

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं मनात असलेली गोष्ट आज इथे लिहितोय.

2015 साली मी रांजणगाव एमआयडीसीत एका व्हेंडरकडे क्वालिटीत कामाला होतो. सकाळच्या कंपनी बसमधून जाताना फियाटच्या कारखान्याबाहेर ट्रेलरवर चढवलेल्या गाड्या दिसायच्या. त्यात एक दिवस पांढरी अबार्थ पुंटो दिसली, म्हणजे फियाटच्या साध्या पुंटो हॅचबॅकची जास्त ताकदीची बहीण. बाजूला लाल पट्टे, जमिनीला टेकल्यासारखी खाली बसलेली, चाकांना विंचवाच्या नांग्यांसारखे अलॉय आणि नाकावर विंचू. बसमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. त्या ऑक्टोबरात ती बाजारात आली, दिल्लीत एक्स-शोरूम 9 लाख 95 हजार. माझा पगार तेव्हा बावीस हजार. शोरूमच्या दारातही गेलो नाही.

1.4 लिटर टी-जेट पेट्रोल टर्बो, 145 अश्वशक्ती, 212 न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअरचा मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक, हायड्रॉलिक स्टिअरिंग. त्याच सुमाराची पोलो जीटी टीएसआय 105 अश्वशक्तीची होती, यावरून कल्पना येईल. दहा लाखांच्या आत एवढी ताकद कुठल्याच हॅचबॅकमध्ये नव्हती. आणि ही गाडी आपल्या पुणे जिल्ह्यात, माझ्या डोळ्यांदेखत तयार होत होती. 2019 मध्ये फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणं थांबवलं. म्हणजे आता जी मिळेल ती कुणीतरी वापरलेलीच.

घरात रोजची गाडी आहे. ही रविवारची, घाटातली, मुलांना गाडी म्हणजे काय ते दाखवायची. बजेट सात लाख, त्यातले एक लाख गाडी घरी आल्यावरच्या कामासाठी बाजूला. अटी दोनच: इंजिन कंपनीने दिलं तसंच असावं, रीमॅप केलेलं (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदललेलं) नको. आणि सर्व्हिसचे सगळे कागद हवेत. रंग पांढरा किंवा काळा, काहीही चालेल.

वर्ष लागलं तरी चालेल. कुणी बाळगली असेल, पाहिली असेल, तर लिहा.

पाना_पक्कड, 9 जून 2024

बाळगली नाही, पण या इंजिनवर काम केलंय. लिनिया टी-जेटमध्ये हेच इंजिन कमी ताकदीत होतं. साताऱ्यात माझं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. नीट वाचा, मोठं लिहितोय.

पहिलं, इंजिन थंड असताना सेल्फ मारायचा. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा पिऊन या, दोन तास थांबा. थंड इंजिनच खरं बोलतं. टॅपेट, इंजेक्टर, सगळ्यांचे आवाज पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू येतात, नंतर तेल वर चढलं की झाकले जातात. सायलेन्सरमागे माणूस उभा करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय.

दुसरं, याला टायमिंग बेल्ट आहे. किलोमीटर कमी पडलेत म्हणून बेल्ट चांगला, असं कुणी म्हणेल तर ऐकू नका. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. 2016 च्या गाडीत अजून पहिलाच बेल्ट असेल तर ती गाडी चालवत घरी आणू नका. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदला. आणि हे काम कॅम लॉक करण्याचं टूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच द्या. खडूने खूण करून बेल्ट बदलणारे पुष्कळ भेटतात, या इंजिनला ते चालत नाही.

तिसरं टर्बो. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून आतली शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. आडवी किंचित हलली तर चालतं. पुढे-मागे हलली तर टर्बो संपला. इंटरकूलरचे होस कुठे तेलकट ओले आहेत का बघा. ऑइल कॅप उघडा, खाली ताकावरच्या लोण्यासारखं काही साचलं असेल तर तेलात पाणी मिसळतंय. त्या गाडीला नमस्कार करून परत या.

राहिलं ते तुम्ही क्वालिटीवाले आहात, तुम्हाला दिसेलच.

घाटवळण, 10 जून 2024

सात लाखांत थोडे घातले तर जुनी ऑक्टेव्हिया आरएस का नाही? 2017 ची 230 अश्वशक्तीवाली म्हणजे वेगळीच दुनिया आहे.

नगररोडकर, 10 जून 2024

घाटवळण, 230 वाली नवी चोवीस-पंचवीस लाखांची होती. तिचं ब्रेक-टायर-गिअरबॉक्स सगळं त्याच किमतीचं लागणार. गाडी परवडणं आणि गाडी सांभाळणं परवडणं यांत फरक आहे, आणि मला सांभाळायची आहे. शिवाय ती मला बसच्या खिडकीतून दिसली नव्हती.

पाना_पक्कड काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय.

मृणाल_ठाणे, 12 जून 2024

मी मोटर इन्शुरन्सची सर्व्हेअर आहे. माझ्या बाजूचं थोडं सांगते.

मालकाकडे मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागा, फक्त यंदाची नको. नो क्लेम बोनस दरवर्षी वाढत गेलाय का पाहा. मध्येच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी क्लेम झालाय, आणि कशाचा ते विचारा. क्लेम झाला म्हणून गाडी वाईट असं नाही. बंपर बदलला, काच फुटली, हे चालतं. पण विचारल्यावर उत्तर सरळ येतं का, ते महत्त्वाचं.

दुसरं पुराचं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा मी तिकडे महिनाभर काम केलंय. पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊन-पुसून नंतर लांबच्या शहरांत विकायला जातात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकापर्यंत. लोक सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही. त्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या खालचे रूळ आणि स्टेपनीच्या खळग्यातले बोल्टही बघा.

आणि पॉलिसी आपोआप तुमच्या नावावर होते असं समजू नका. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत कंपनीकडे ट्रान्सफरचा अर्ज करायचा असतो. बोनस मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही.

नगररोडकर, 4 ऑगस्ट 2024

दोन महिन्यांत तीन गाड्या पाहिल्या.

पहिली नवी मुंबईत, काळी. फोटोत आरशासारखी. मालकाने आदल्या दिवशी "थंडच ठेवतो" असं सांगितलं होतं, पण मी गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. दोन तास थांबतो म्हटल्यावर ते गृहस्थ म्हणाले की मला बाहेर जायचंय. मी नमस्कार करून निघालो.

दुसरी नाशिकला, पांढरी. मालक मनमिळाऊ, घरी पोहे खाऊ घातले. गाडी मात्र रीमॅप केलेली, वर मोठा एक्झॉस्ट. रीमॅप परत काढून देतो म्हणाले. आता हे मला समजावून सांगायचंय, कारण इतरही शोधणारे वाचत असतील. रीमॅप काढला म्हणजे फाइल बदलली. पण जास्त दाबाखाली जेवढे किलोमीटर टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स राबले, ते परत येत नाहीत. त्या माणसाने काही लपवलं नाही याचं मला कौतुक आहे. गाडी मला नको होती एवढंच.

तिसरीवर जीव जडला होता. बेळगाव, 2016, एकच मालक, 31 हजार किलोमीटर, जवळजवळ नवीच. रंगाच्या थराची जाडी मोजणारा पेंट मीटर नेला होता. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास लागतो. सगळीकडे तसा आला, डाव्या मागच्या फेंडरवर मात्र 900 च्या पुढे. म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलेली. डिकीचं अस्तर उचललं तर वेल्डिंग कंपनीचं नव्हतं. टायरवरचे चार आकडे वाचले: 3815, म्हणजे 2015 चा 38वा आठवडा. मूळचे टायर. यावरून किलोमीटर खरे असावेत, पण अपघातही खरा. विचारलं तेव्हा मालक गप्प झाले, मग म्हणाले, मुलाने मागे घेताना ठोकली. मागे घेताना ठोकून चॅसिसपर्यंत वेल्डिंग जात नाही.

परतीच्या वाटेवर निपाणीजवळ गाडी थांबवून बराच वेळ बसलो होतो. आणखी थोडा काणाडोळा केला असता तर घरी पोहोचली असती ती.

पाना_पक्कड, 4 ऑगस्ट 2024

बरं केलंत. मागचा भाग एकदा वाकला की गाडी सरळ चालते, पण घाटात ब्रेक मारल्यावर शेपटी कुठे जाईल सांगता येत नाही. ती वेगाची गाडी आहे. बाजारहाटाची असती तर मी म्हटलं असतं, भाव पाडून घ्या.

शुभदा_एन, 6 ऑगस्ट 2024

नवऱ्याकडे लिनिया टी-जेट आहे, बारा वर्षं. पार्ट मिळतात का ही भीती असते, म्हणून आमचा अनुभव लिहिते. सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, बॉडीचे बरेच भाग साध्या पुंटो आणि लिनियाशी जुळतात, ते मिळून जातात. अबार्थचे स्वतःचे जे आहेत, अलॉय, पुढचा बंपर, ते स्टिकर, त्यासाठी मात्र वाट पाहावी लागते. म्हणून अलॉय वाकलेले नाहीत ना, चारही आहेत ना, हे नीट बघा. मूळचे काढून मोठे घातले असतील तर मूळचे मागून घ्या.

आणि गाडी खाली आहे. तुमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर आधी मोजा.

नगररोडकर, 6 ऑगस्ट 2024

मोजला, शुभदाताई. तिरकी घेतली तर जाईल. कमिटीला अर्जही दिलाय.

विटेकर_कोइमतूर, 19 ऑक्टोबर 2024

धागा उशिरा वाचला. आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, विट्याजवळचे. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात वडील इकडे आले, मी कोइमतूरचाच झालो. इथे गाड्यांचं वेड फार आहे, करीचा रेस ट्रॅक गावाला लागूनच. जपलेल्या गाड्या इथे मिळतात, पण जाहिरातीत येत नाहीत, ओळखीने हात बदलतात.

आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एक साहेब आहेत, पंपाच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे 2016 ची पांढरी अबार्थ आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आता क्लच दाबवत नाही. विकायची की नाही हे त्यांनी ठरवलेलं नाही. दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलंय, कारण त्यांनी आधी विचारलं की रीमॅप करून किती ताकद निघेल.

बोलू का?

नगररोडकर, 19 ऑक्टोबर 2024

दादा, आत्ताच बोला. नाही, आत्ता नको, त्यांच्या सवडीने बोला.

विटेकर_कोइमतूर, 3 नोव्हेंबर 2024

दिवाळी झाल्यावर गेलो. साहेबांनी तुमच्याबद्दलच चौकशी केली. गाडी कुठे उभी राहणार, वर छप्पर आहे का, चालवणार कोण, मेकॅनिक कोण. तुम्ही रांजणगावात होतात हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसले. तुमच्या पार्किंगचा फोटो मागितलाय.

नगररोडकर, 4 नोव्हेंबर 2024

फोटो पाठवला. काकांचा साताऱ्याचा फोन नंबरही त्यांची परवानगी घेऊन दिला.

पाना_पक्कड, 9 नोव्हेंबर 2024

त्यांचा फोन आला होता. पाऊण तास बोललो. हिंदी त्यांची जेमतेम, इंग्रजी माझी जेमतेम, पण टॉर्कचे आकडे दोघांना कळतात. बेल्ट 2021 मध्ये बदललाय, पंपासकट. कॅम लॉकिंग टूल कुठलं वापरलं हेही त्यांनी सांगितलं. नगररोडकर, तिकीट काढा.

नगररोडकर, 24 नोव्हेंबर 2024

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण इतके महिने तुम्ही सगळे सोबत होता.

पहाटे साडेसहाला पोहोचलो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये सुती चादरीखाली. बॉनेट थंडगार. साहेब किल्ली माझ्या हातात देऊन स्वतः सायलेन्सरमागे जाऊन उभे राहिले. मी सांगण्याआधीच. सेल्फ मारला, एका झटक्यात लागली. धूर नाही. अर्धं मिनिट कुणी बोललं नाही, आम्ही तिघेही ऐकत होतो.

मग मायक्रॉन मीटर. पुढच्या बंपरला एक टचअप, तो त्यांनी आधीच दाखवला होता. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले, स्वच्छ. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. विटेकर दादांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवली. पुढच्या डाव्या बाजूची लिंक रॉड सैल आहे, थोडा टकटक आवाज येतो. बाकी खालून गाडी पाहून मला माझं जुनं इन्स्पेक्शन टेबल आठवलं.

टायर 2022 चे, मूळच्याच मापाचे, 195/55 आर 16. किलोमीटर 46 हजार 300.

आणि वही. दोनशे पानी वही आहे मंडळी. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, टायरमधली हवा, दर सर्व्हिसला कुठलं तेल किती घातलं, जुन्या तेलाचा रंग कसा होता. नोंदी तमिळमध्ये, आकडे आपलेच. बिलं मागे फायलीत. मी एका पानावर थांबलो, तिथे एप्रिल ते जुलै 2020 दर रविवारी एकच ओळ होती. विचारलं. लॉकडाऊनमध्ये दर रविवारी शेडमध्ये इंजिन वीस मिनिटं चालवायचं, चाकं थोडी पुढे-मागे करायची, म्हणजे टायर एका जागी बसत नाहीत.

रस्त्यावर मी चालवली. दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या थोडं वर टर्बो जागा होतो आणि गाडी पाठीला धरून ढकलते. स्टिअरिंगमधून रस्ता हातात येतो. साहेब शेजारी बसून फक्त टेम्परेचरच्या काट्याकडे बघत होते. परत आल्यावर मी किल्ली बंद करायच्या आत त्यांनी हात वर केला. एक मिनिट तशीच चालू ठेवली, टर्बोला तेल मिळत राहावं म्हणून. मग मान हलवली. मला वाटतं तेव्हाच त्यांनी नक्की केलं.

किंमत 6 लाख 10 हजार ठरली. मी घासाघीस केली नाही. लिंक रॉडचे दोन हजार त्यांनी स्वतःच कमी केले, मी नको म्हटलं तरी.

मृणाल_ठाणे, 24 नोव्हेंबर 2024

अंगावर काटा आला वाचताना. कागदांचं काय? परराज्य आहे, नीट करा.

नगररोडकर, 25 नोव्हेंबर 2024

हो. गाडीवर कर्ज नव्हतं, असतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 लागला असता. थकलेलं चलान नाही, ऑनलाइन पाहिलं. त्यांच्या आरटीओतून फॉर्म 28, म्हणजे एनओसी, पुण्याच्या नावाने मागितली आहे. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतला. एनओसी हातात येईपर्यंत गाडी त्यांच्याच शेडमध्ये राहील, मी अर्धी रक्कम दिली आहे. इथे आल्यावर गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा, मग नवा नंबर, आणि तो मिळाला की तिकडचा उरलेला कर परत मागायचा अर्ज. वेळखाऊ आहे, पण प्रत्येक कागद माझ्या हाताने जाईल, एजंट नको.

घाटवळण, 12 जानेवारी 2025

काही खबर?

नगररोडकर, 19 जानेवारी 2025

आली!

विटेकर दादांना मी हायवेपर्यंतच बसा म्हणत होतो, ते सेलमपर्यंत शेजारी बसले आणि तिथून बसने परत गेले. पुढे बेंगळुरूला मुक्काम, दुसऱ्या दिवशी हुबळी, बेळगाव, कोल्हापूर. जवळजवळ 1200 किलोमीटर. निपाणीला मुद्दाम थांबलो, ऑगस्टमध्ये जिथे बसलो होतो त्याच टपरीवर चहा घेतला. साताऱ्यात काका रस्त्यावर येऊन उभे होते. बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसते बघत राहिले.

बेल्ट चार वर्षांचा होत आलाय, पुढच्या महिन्यात काका बदलणार. पंपांवर आता ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल येऊ लागलंय आणि ही गाडी त्या काळातली नाही, म्हणून इंधनाचे रबरी पाइपही तपासायचे ठरवलेत.

रविवारी मुलांना घेऊन रांजणगावला गेलो. महागणपतीसमोर नारळ फोडला, मग एमआयडीसीत गेलो. ट्रेलर जिथे उभे राहायचे तिथे रस्त्याच्या कडेला गाडी लावली. आता तिथून जीप बाहेर पडतात. धाकटी म्हणाली, "बाबा, ही इथलीच आहे ना?" मी हो म्हटलं.

काल संध्याकाळी कोइमतूरहून फोन आला. साहेबांनी पहिलं विचारलं ते लिंक रॉडचं. बदलली म्हटलं. बिल आहे ना, विचारलं. आहे म्हटलं. "वहीत चिकटवा," म्हणाले, "आणि तुमच्या भाषेत लिहा."